पांढऱ्या सदऱ्यावरचा करडा

आमच्या मामाला स्वतःच्या डोळ्यांचा भारी गर्व. सोलापुरात पूर्व भागात त्याचा चादरींचा कारखाना, आणि तिथले रंगारी म्हणजे माझे वडील, अण्णा, त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. अण्णांनी रंगवलेली सुताची लडी मामा आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, खांद्यावरून टाकायचा, दारात उन्हाला उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "पास." जणू देवानंच शिक्का मारला! मग कुणाची बिशाद होती काही बोलायची?

गेल्या वर्षी करड्या पट्ट्यांच्या चादरी विणल्या. तो करडा मामानंच खांद्यावर पास केलेला. चादरीत तो आला दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे, आणि मामाला फिका दिसला. झालं! माग थांबवून, सगळ्या कामगारांसमोर तो अण्णांना म्हणाला, "दाजी, रंग खाल्लात तुमी. पाणी घातलंत." अण्णांनी हात धुतले, डबा उचलला आणि घरी आले. "सगळ्यांदेखत चोर म्हणाला. सगळ्यांदेखत शब्द मागं घेऊ दे, मग जाईन," एवढंच बोलले आणि न जेवता आडवे झाले.

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. मला मामाचा संताप आला, आणि त्याची कीवही आली. अहो, डोळ्याच्या मागच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी असतात. या दोन्हींच्या मधे आणखी चेतापेशी असतात, मध्यस्थासारख्या. त्यातल्या काही आडव्या पसरलेल्या. शेजारी लख्ख उजेड असला की त्या मधल्या जागेचा निरोप दाबतात. शेजारी अंधार असला की दाब सैल पडतो. म्हणून एकच करडा पांढऱ्याशेजारी गडद दिसतो आणि काळ्याशेजारी फिका. पुढं मेंदूही त्यात हात घालतो, पण सुरुवात डोळ्यातच होते. हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवताना निम्मा वर्ग पेंगतो, आणि इथं हा शहाणा त्यावरून एका माणसाची अब्रू काढून बसला होता.

मी एका पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली आणि कारखान्यात गेले. ऑफिसात मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याच करड्याची उरलेली लडी टाकली, शेजारी चादर धरली आणि वर पुठ्ठा ठेवला. एका भोकात लडी, दुसऱ्यात चादरीची पट्टी. आजूबाजूचं पांढरं-काळं सगळं झाकलेलं.

"बघ मामा."

त्यानं पुठ्ठा काढला, ठेवला, परत काढला. "आयला, एकच हाय की!"

मला वाटलं, सुटलो सगळे. "मग चल बाहेर, सांग सगळ्यांना."

"म्हंजे माझी नजर गेली म्हणतीस?"

"नाही रे. चांगल्या डोळ्यांना असंच दिसतं. माझ्याही, त्या मागावाल्यांच्याही."

इथं घोडं अडलं. आपले डोळे मागावाल्यांसारखेच, हे त्याच्या घशाखाली उतरेना. "बघू," म्हणाला आणि फोन कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी स्वारी काळा सदरा घालून कारखान्यात हजर! "पांढऱ्या सदऱ्यानं घात केला," असं कामगारांना सांगितलं म्हणे. अण्णांचं नावसुद्धा घेतलं नाही. आता नव्या रंगाऱ्याची लडी काळ्या खांद्यावर चढली, फिकी दिसली, म्हणून रंग आणखी गडद करवला. तोच करडा पांढऱ्या चादरीत विणल्यावर काजळीसारखा दिसला. मग त्या बिचाऱ्यालाही शिव्या. कप्पाळ!

महिन्याभरानं मामी आमच्याकडं निरोप घेऊन आल्या. "ह्यांनी सांगितलंय, दाजींना माफ केलं म्हणावं. या कामावर."

माफ केलं! निर्लज्जपणाला काही सुमार? मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी हातानं मला थांबवलं. मामी गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पुठ्ठ्यातनं त्याला नीट दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं. एकच हाय म्हणाला."

अण्णांनी ओट्याकडं पाहिलं. आई अजून रोज सकाळी त्यांचा डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवायची, कधीही बोलावणं येईल म्हणून.

"मला वाटत होतं, त्याला अजून दिसलं नाही म्हणून शब्द मागं घेत नाही," अण्णा म्हणाले. मग आईकडं वळून म्हणाले, "तो डबा माळ्यावर टाक."