कव्हरकाकांची गाडी

कव्हरकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं बिल्डिंगमध्ये कुणी उरलं नव्हतं, आणि त्यात बिल्डिंगचा काही दोष नव्हता. ज्याच्या घरात रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, ते प्लास्टिक मळू नये म्हणून वर चादर आणि चादर चांगली म्हणून तिच्यावर जुनी चादर, त्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? उभा जन्म एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेलेला. तिथे कपाटातून माल बाहेर न जाऊ देणं हीच हुशारी. निवृत्त होताना फंडाच्या पैशांबरोबर ती हुशारीही त्यांनी घरी आणली.

काकूंनी या माणसाचा संसार केला तो उभ्याउभ्याच. बसायची सोय नव्हती. चांगल्या कपबश्या कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपात. एकुलती लेक मोठी झाली ती ‘हात लावू नकोस’ ऐकतच. लग्नानंतर एकदा जावयानं सोफ्यावर ओला टॉवेल टाकला, तर काकांनी त्याला भरल्या ताटावर फोमची काळजी कशी घ्यावी हे समजावलं. त्यानंतर लेक फिरकलीच नाही. आता तिला मुलगी झाली होती, रांगायलाही लागली होती.

“येते मी, आई,” लेक फोनवर म्हणाली. “पण माझ्या पोरीला कुणी ‘हात लावू नको’ म्हणालं ना, तर त्याच पावली परत फिरेन. मग पुन्हा बोलावू नकोस.”

तेव्हापासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकांना मात्र यातून भलतंच सुचलं. “नात येणार, आणि तिला त्या डब्यातून आणायचं?” डबा म्हणजे त्यांची जुनी छोटी गाडी, जी वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालली होती. ती त्यांनी खालच्या इस्त्रीवाल्याला मातीमोलानं विकली आणि एका कंत्राटदाराची वापरलेली भलीमोठी हायब्रिड घेतली. सीटच्या तीन रांगा, पेट्रोलचं इंजिन, वर विजेची मोटर. नाकापेक्षा मोती जड! फाटकातून आत घेताना आरसे मिटावे लागत आणि वॉचमनला श्वास रोखावा लागे.

काकांनी पहिलं काम काय केलं असेल? सगळ्या सीटना जाड रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली. कडा पार खालपर्यंत ओढून चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. वरून गाडीला तंबूएवढं कव्हर घातलं आणि गाडी उभी केली.

ती उभीच राहिली. उभ्याउभ्या तिची बॅटरी उतरली. “हिला दोन बॅटऱ्या असतात,” काकांनी मेकॅनिकला शिकवलं, “एक उतरली म्हणून काय झालं?” छोटी उतरली की मोठी जागीच होत नाही, हे त्यांना छोटीचे पैसे मोजल्यावर पटलं. मग ब्रेकच्या थाळ्यांना गंज चढला. मग एका सकाळी गाडी मागून फतकल मारून बसलेली दिसली. मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या होत्या, त्यातली एक फाटली होती. त्या पिशवीच्या पैशात काकूंचं कधीपासून ‘पुढच्या वर्षी बघू’ असलेलं वॉशिंग मशीन आलं असतं. मेकॅनिकही काही संत नव्हता. काका जितकं शिकवत तितकं तो मान डोलावून बिल वाढवी. दर वेळी काका एकच निकाल देत, “माल हलका आहे.”

“अहो, माझ्या सीटखाली काहीतरी घुमतंय,” एकदा बाजारातून येताना काकू मागून म्हणाल्या. “आणि खालून गरमही लागतंय.”

“हायब्रिड आहे ती. आवाज करत नाही.”

गाडी करत नाही म्हटल्यावर काकू तरी कशाला करतील?

लेक यायच्या दिवशी भर दुपारी दोघं स्टेशनला निघाले. पूल चढताना सीटखालचं घुमणं वाढलं, समोर लाल त्रिकोण पेटला, आणि गाडी रांगत रांगत कडेला जाऊन थांबली ती थांबलीच. काकांनी कंपनीचा उद्धार केला, कंत्राटदाराचा केला, रस्त्याचाही केला. काकूंनी इस्त्रीवाल्याला फोन लावला. तो डबा घेऊन हजर झाला आणि मागच्या सीटवरची कपड्यांची गाठोडी त्यानं भराभर डिकीत टाकली.

“चला लवकर,” काकू म्हणाल्या. “पोर ताटकळत असेल.”

काका गाडीला टेकून उभे. “ही अशी रस्त्यात टाकून? कुणी ओरखडा काढला म्हणजे? ओढून नेणारा येईपर्यंत थांबायलाच हवं.”

“नात येतेय तुमची. पहिल्यांदा.”

“ती काय पळून जातेय? तू हो पुढे.”

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं त्यांना राग येत होता. आज राग आला नाही, कीव आली. “राखा मग,” म्हणाल्या आणि डब्यात बसल्या.

गॅरेजात मेकॅनिकनं चिकटपट्टी टराटरा काढली, रेक्झिन वर उचललं. मागच्या सीटखाली एक जाळी होती. “मोठी बॅटरी इथून हवा घेते,” तो म्हणाला. “तुम्ही तिचं नाक दाबून ठेवलंत. पंखा जळाला, बॅटरीही गेली.” नव्या बॅटरीचा जो आकडा त्यानं सांगितला, त्यात इस्त्रीवाल्याच्या डब्यासारखे चार डबे आले असते. गाडीत राम होता तोवर काकांनी तिला श्वास घेऊ दिला नव्हता, आणि आता ते उघड्या जाळीवर बोट फिरवून धूळ पुसत होते. मेकॅनिकनं तोंड फिरवलं.

काका चालत घरी आले. दार सताड उघडं होतं. कोपऱ्यात फाडलेल्या प्लास्टिकचा ढीग, त्यावर कात्री. चांगल्या कपातला चहा अर्धा पिऊन तसाच ठेवलेला. सोफा उघडा पडला होता. फिका निळा होता तो. काका रंग विसरूनही गेले होते. त्यावर नात झोपली होती, आणि तिच्याखाली निळ्याचा गडद निळा होत चालला होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. आता हा माणूस काय बोलणार, याची त्या वाट बघत होत्या.

काका आत आले. सोफ्याजवळ गुडघे टेकून बसले. त्या इवल्या मुठीकडे त्यांनी हळूच बोट नेलं. बोटाला जाळीची काळी धूळ होती.

“हात लावू नका, बाबा,” लेक म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला. मग तो ठेवायचा कुठे, हे त्यांना सुचेना.