युरोपचं पेटंट आणि वसईचे परेराकाका

प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक पार्टीत कुणी विचारलं, ‘‘काय काम करतेस?’’ की मी ‘पेटंट’ म्हणते आणि समोरचा माणूस सामोसे घ्यायला पळतो! पण युरोपात ‘सगळ्या देशांचं मिळून एकच पेटंट’ यावरून भांडण पेटलं होतं ना, त्या काळात इथे कॅनडात, नॉर्थ यॉर्कच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात जे किस्से झाले, ते सांगायला लागले की सामोसे गार होतात.

माणसं मोजकीच. मी नागपूरची इंजिनिअर. पिलार माद्रिदची, मिशेल मॉन्ट्रियलचा, घरी-दारी फ्रेंच बोलणारा. बॉस गॉर्डन, स्वभावाने गरीब. आणि आमचे लाडके क्लायंट डॉमनिक परेरा, वसईचे रिटायर्ड फिटर. त्यांची बायको मार्थाकाकू व्हीलचेअरवर. बर्फ पडला की तिची चर्चमधली रविवारची मिस्सा चुकायची. म्हणून काकांनी बेसमेंटमध्ये खटपट करून चाकांखाली एका झटक्यात बसणारी स्की बनवली!

*

काकांना मी पहिल्यांदा युरोपची पद्धत समजावली. ‘‘काका, पेटंट एकाच ऑफिसात मंजूर होतं. पण मग हव्या त्या प्रत्येक देशात वेगळी नोंदणी, कुठेकुठे त्यांच्या भाषेत भाषांतर, आणि कुणी कॉपी केली तर कोर्टही ज्या त्या देशातलं.’’

काका विचारात पडले. ‘‘म्हणजे बाय, लग्न एकाच चर्चमध्ये, पण नवरा-बायको आहोत हे प्रत्येक गावात जाऊन पुन्हा सांगायचं?’’

पाच वर्षं मी हे क्लायंट लोकांना समजावत होते. इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं!

*

मग बातमी आली, नवं एकच पेटंट येणार आणि ते फक्त इंग्लिश, फ्रेंच आणि जर्मन भाषांत चालणार! स्पेन आणि इटली भडकले. त्याच्या आधी पिलार भडकली.

‘‘अर्ध्या जगात स्पॅनिश बोलतात! आम्ही काय भांडी घासायची?’’

मिशेल खुशीत शीळ घालत होता. भांडण मिटवायला गॉर्डन मधे पडला. ‘‘अरे, भाषेवरून कशाला भांडता? आपल्या कॅनडात बघा, दोन भाषा किती गुण्यागोविंदाने नांदतात!’’

मिशेलची शीळ थांबली. ‘‘कुठे?’’

*

एका सकाळी पिलार नाचतच आली. युरोपच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने सांगितलं होतं, पेटंटसाठी जे नवं कोर्ट काढताय, ते युरोपच्या करारांत बसत नाही! म्हणजे एकच पेटंट बारगळलंच, असं तिने धरलं. पिलारने खालच्या बेकरीतून भलामोठा चॉकलेट केक आणला. मिशेल सोडून सगळ्यांनी खाल्ला. तो म्हणाला, ‘‘मला भूक नाही.’’

त्याच आठवड्यात युरोपातल्या मंत्र्यांची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं, स्पेन-इटली नाही आले तर नाही, बाकीचे आपण पुढे जाऊ!

मिशेल शांतपणे उठला, किचनमधला फ्रीज उघडून उरलेला अर्धा केक घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘मर्सी, पिलार! आता लागली भूक.’’

*

मग कोर्ट कुठे बसवायचं यावर जुंपली. पॅरिस म्हणे मला, लंडन म्हणे मला, म्युनिक म्हणे मला! शेवटी तिघांत वाटणी झाली. मुख्य जागा पॅरिसला, औषधं नि रसायनं लंडनला, यंत्रं म्युनिकला.

काका त्या दिवशी ऑफिसात होते. त्यांना सांगितलं तर खो खो हसले. ‘‘आमच्याकडे दोन भाऊ विहिरीवरून भांडले तेव्हा एकाला सकाळ दिली, एकाला संध्याकाळ. यांनी तर एकाला दोरी दिली, एकाला बादली आणि एकाला पाणी!’’

*

आणि मग काकांचं युरोपचं पेटंट मंजूर झालं! मी फोनवर किंचाळलेच. काका मार्थाकाकूला घेऊन आले. बाहेर बर्फ होता, आणि ती स्की लावलेल्या खुर्चीतून, लाल कोट घालून, राणीसारखी आली!

पण आता देश निवडायचे होते. नवी पद्धत अजून कागदावरच, आणि तिच्यासाठी थांबावं तर मुदत टळणार. खर्च झेपेल असे तीनच देश घेता येणार होते.

‘‘जर्मनी,’’ मी म्हटलं. तिथला एक कारखाना स्की बनवायला उत्सुक होता. काकांनी मान डोलावली.

‘‘फ्रान्स! आल्प्स!’’ मिशेल ओरडला. काकांनी पुन्हा मान डोलावली.

‘‘आणि तिसरा स्पेन!’’ पिलार टेबलावर हात आपटून म्हणाली. ‘‘आमच्याकडेही डोंगर आहेत!’’

‘‘तिसरा पोर्तुगाल,’’ काका म्हणाले.

मी हळूच म्हटलं, ‘‘काका, तिथे बर्फ जेमतेम एका डोंगरावर पडतो. ना कारखाना, ना गिऱ्हाईक. शिवाय सगळं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करावं लागेल.’’

‘‘कर की. फक्त आडनाव राहू दे. ते त्यांचंच आहे.’’

‘‘पण पोर्तुगालच का?’’ पिलार अजून घुश्श्यातच होती.

काकांनी मार्थाकाकूकडे पाहिलं. तिला बहुतेक आधीच माहीत होतं, ती गालातल्या गालात हसत होती.

‘‘दोनशे वर्षं त्यांनी आमच्या वसईवर राज्य केलं,’’ काका म्हणाले. ‘‘पेटंट वीस वर्षं चालतं ना, बाय? मग आता वीस वर्षं मला करू दे!’’