पहिलं नाव ग्लेनिसचं

कादंबरीला कुणी भोचक म्हटलं तर तिला राग येत नसे. मिरजेत गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याचं गाव, पगार आणि पथ्यपाणी तिने पहिल्याच दिवशी काढून घेतलेलं असायचं. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात येऊन सहा वर्षं झाली तरी ही विद्या काही गंजली नव्हती. इथे लोक एकमेकांना भाडं आणि पगार विचारत नाहीत, हे तिच्या नवऱ्याने, यतीनने, दहा वेळा सांगून पाहिलं. मग त्यानेच नाद सोडला.

फेब्रुवारीत यतीनचं आयटीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो टॅक्सी चालवू लागला आणि कादंबरी एका गोदामात जाऊ लागली. हातात स्कॅनर घेऊन शेल्फांमधून फिरायचं आणि ऑर्डरीतल्या वस्तू शोधून ट्रॉलीत टाकायच्या, एवढंच काम. पण ते मिळवणं महाकठीण. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा मेसेज दुपारी तीनच्या सुमारास चाळीस जणांना एकदम जायचा: उद्या सकाळी सहा, दहा माणसं हवीत. पहिले दहा 'येस' आत, बाकीचे घरी. कादंबरीला आठवड्यात जेमतेम दोन शिफ्ट मिळायच्या. तीन मिळाल्या तर वाढलेलं भाडं भागणार होतं. नाही तर जूनमध्ये घर सोडायचं आणि मुलाची, वेदची, शाळा बदलायची, हे नवराबायकोचं ठरून गेलं होतं.

सकाळी टीम लीडर, ज्या क्रमाने 'येस' आले त्याच क्रमाने नावं वाचायचा. कादंबरी नववी किंवा दहावी. पहिलं नाव मात्र कायम ग्लेनिसचं. ही ग्लेनिस एकसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि फोन वाचायचा तर हात लांब करून. विशीतली पोरं मागे राहतात आणि ही पहिली येते कशी? कादंबरीला चैन पडेना. घराची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर या कोड्याने तिला जास्त छळलं.

एके दिवशी ब्रेकमध्ये ती डबा घेऊन थेट ग्लेनिससमोर जाऊन बसली. थालीपीठ पुढे केलं आणि सुरू झाली. कुठे राहतेस? भाडं किती? एकटीच? ग्लेनिस आधी बावचळली, मग हसत सुटली आणि भडाभडा सांगू लागली. मेल्टनला कुणाच्या तरी घरात एक खोली. नवरा गेलेला, मुलगी पर्थला. पेन्शनला अजून सहा वर्षं. डब्यात पावाचे दोन स्लाइस आणि त्यांना फासलेलं खारट, काळं व्हेजिमाइट, कारण पगार होईपर्यंत तेवढंच परवडतं.

"आणि रोज पहिला नंबर कसा लावतेस?"

"नोबडी एव्हर आस्क्ड मी, लव्ह," म्हणत ग्लेनिसने आपला जुनापुराणा फोन काढून दाखवला. अडीच वाजल्यापासून एजन्सीचा आदला मेसेज उघडून बसायचं. 'येस' आधीच टाइप करून ठेवायचं. फोन झोपू द्यायचा नाही. मेसेज आला की फक्त अंगठा टेकवायचा. "टॉयलेटलासुद्धा घेऊन जाते," ती म्हणाली.

बस, एवढंच! कादंबरीने कपाळावर हात मारून घेतला. रोज त्या वेळी ती वेदच्या शाळेच्या फाटकाशी गप्पा मारत उभी असायची.

त्याच दुपारी ती फाटकाशी अंगठा तयार ठेवून उभी राहिली. "मॉम, कॅन वी गो नाऊ?" म्हणून वेद हात ओढत राहिला, पण दुसऱ्या दिवशी तिचं नाव तिसरं लागलं. आता शहाण्या बाईने इथे तोंड मिटून घ्यावं की नाही? पण कादंबरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. याच गोदामात येणाऱ्या, तिच्याखेरीज आठ मराठी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, कुणाची युनिव्हर्सिटीची फी थकलेली. तिने सगळी युक्ती तिथे फोटोसकट लिहून टाकली. तिच्या मनात पाप नव्हतं. चांगलं काही कळलं की चार घरी सांगावं, एवढंच ती शिकली होती.

सोमवारी टीम लीडरने यादी वाचली. कादंबरी, मैथिली, स्वरदा, चित्रलेखा... बायकांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. दहा नावं संपली आणि ग्लेनिस त्यात नव्हती. मंगळवारी नव्हती, बुधवारीही नाही. शेवटी कादंबरीने टीम लीडरला गाठलं.

"येस आला होता की तिचा," तो म्हणाला. "तिन्ही दिवस. अकरावा, बारावा, असा."

कादंबरीने ग्रुपमधली आठ नावं बोटांवर मोजली.

गुरुवारी ग्लेनिस दहावी आली. ब्रेकमध्ये तिच्यासमोर नुसता चहा होता, आणि चहाशेजारी कोरा करकरीत फोन. जुना तिच्यासारखाच म्हातारा झाला होता, म्हणूनच ती मागे पडत होती, असं तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं. जुना दुकानदारानेच ठेवून घेतला आणि नव्याचे दोन वर्षांचे हप्ते करून दिले. "आणि बघ, आज लागला की नाही नंबर?"

कादंबरी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण शरमेने तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

"तुझा फोन चांगला होता, ग्लेनिस," ती म्हणाली. "तुझी युक्ती मी सगळ्यांना सांगितली. आठ जणींना."

ग्लेनिसने नवा फोन उलटा करून चहाशेजारी ठेवला. हिने मला शिव्या द्याव्यात, उठून जावं, काहीही करावं, असं कादंबरीला वाटत होतं.

"त्यांनाही गरज असणारच," ग्लेनिस म्हणाली. "पण लव्ह, फोनच खराब झाला होता असं मला वाटत होतं ना, तेच बरं होतं."

ब्रेक संपल्याची घंटा झाली. ग्लेनिस गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने स्कॅनर उचलला. कादंबरी तिच्या मागोमाग निघाली. तीन वाजता उद्याच्या शिफ्टचा मेसेज येणार होता, आणि 'येस' दोघींनाही पाठवायचं होतं.