वुबे हुकस्त्रांना काहीच दिसलं नाही

वुबे हुकस्त्रा फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल उघडायचे आणि बंद करायचे. अठ्ठावीस वर्षं हेच काम. होडी आली की रस्त्याचं फाटक पाडायचं, पूल उचलायचा, होडी गेली की पूल खाली घ्यायचा. बोलायची त्यांना सवय नव्हती. होडीवाल्यांना थांबायला वेळ नसतो आणि खोळंबलेल्या मोटारवाल्यांशी बोलण्यात अर्थ नसतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, पूल वर असतानाच ते कोसळले. हृदय थांबलं होतं. फाटकाशी खोळंबलेल्यांत एक सुईण होती. तिने धावत येऊन छाती दाबायला घेतली, मग रुग्णवाहिका आली आणि विजेच्या झटक्यांनी हृदय पुन्हा चालू झालं. मधे चार-साडेचार मिनिटं गेली होती. पूल मात्र दीड तास वरच राहिला. गावात पहिल्यांदा चर्चा झाली ती पुलाची.

मी तेव्हा इस्पितळातल्या एका संशोधनावर नर्स म्हणून काम करत होते. हृदय थांबून परत आलेल्या प्रत्येक माणसाला आम्ही आठवडाभरात गाठायचो आणि विचारायचो, शुद्ध नव्हती तेव्हाचं काही आठवतं का. बहुतेकांना आठवत नसे. थोड्यांना उजेड दिसलेला असे, मेलेले आईवडील भेटलेले असत. वुबेंच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. ते उजेडाबद्दल दोन तास बोलले. माझी टेप संपली. मग मी वुबेंकडे वळले.

"काही आठवतं?"

"नाही."

"नुसता अंधार वगैरे?"

"अंधार असता तर आठवला असता."

मी फॉर्मवर खूण केली. त्यांनी विचारलं, म्हणजे मी नापास का? मी सांगितलं, तसं काही नाही. काहीच न दिसलेली माणसंही आम्हाला हवी असतात, नाहीतर दिसलेल्यांची तुलना कुणाशी करणार? ते म्हणाले, बरं.

घरी गेल्यावर लोक कॉफीला येऊ लागले. तब्येतीची चौकशी झाली की खुर्ची थोडी पुढे ओढून मूळ मुद्द्यावर येत. पाद्रीबाबाही येऊन गेले. वुबे सगळ्यांना तेच सांगत, आणि लोक जरा रुसूनच परत जात.

एके दिवशी समोरच्या घरातल्या आल्त्ये आल्या. त्यांचा नवरा हार्मेन आदल्या वर्षी गोठ्यात एकटा असताना हृदय थांबून गेला होता. त्यांनी कॉफीला हात लावला नाही. "तू तिकडे जाऊन आलास," त्या म्हणाल्या. "हार्मेन दिसला का रे?"

वुबे नाही म्हणाले. आल्त्येंनी थोडा वेळ मान हलवली आणि त्या उठून गेल्या.

वुबेंची बायको त्रैन हे सगळं ऐकत होती. "दिसला म्हणाला असतास तर तुझं काय जाणार होतं?"

"तो नव्हता तिथे."

"नव्हता हे तुला काय माहीत? तू तर बेशुद्ध होतास."

वुबेंनी यावर आठवडाभर विचार केला आणि शनिवारी ते आल्त्येंकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी त्रैनलासुद्धा सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. या वेळी तीसेक प्रश्न होते. मरणाच्या दारातून आल्यावर माणसं बदलतात का, हे आम्हाला बघायचं होतं. मी विचारलं, मरणाची भीती पूर्वी होती का? ते म्हणाले, विचारच केला नव्हता. आणि आता? आता केलाय, ते म्हणाले, नाही वाटत. पुढचा प्रश्न होता, दुसऱ्यांबद्दलची आपुलकी वाढली का?

"होती तेवढीच आहे. लिहा, बदल नाही."

"मग दर शनिवारी आल्त्येकडे कोण जातं?" त्रैनने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तिचं कुंपण वाढतं. छाटावं लागतं."

"डिसेंबरात?"

मग वुबेंनी पहिल्या शनिवारी आल्त्येंना काय सांगितलं होतं ते मला सांगितलं. हार्मेनचं मला माहीत नाही, ते म्हणाले होते, माझं माहीत आहे तेवढं सांगतो. पडण्याआधी दंड जड झाला, ओल्या पोत्यासारखा. दहा अंक मोजावेत तेवढाच वेळ. मग दुखत नव्हतं, घाबरायला झालं नाही, कुणाला हाक मारावीशी वाटली नाही. आल्त्येंनी विचारलं होतं, दहाच? ते म्हणाले होते, फार तर बारा. मग आल्त्ये रडल्या होत्या, आणि काय करावं ते न सुचून वुबेंनी कुंपण छाटायला घेतलं होतं.

त्रैन हात पुसत दारात येऊन उभी होती. फॉर्मवर या सगळ्याला रकाना नव्हता, म्हणून मी पानाच्या मागे लिहून घेतलं.

शेवटची भेट आठव्या वर्षी झाली. वुबे निवृत्त झाले होते. प्रश्न संपल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला काय सापडलं? मी सांगितलं, काहींना दिसतं आणि काहींना दिसत नाही, याचं कारण कळलेलं नाही. हृदय किती वेळ बंद होतं, औषधं कोणती दिली, माणूस श्रद्धाळू आहे की नाही, कशावरूनच आधी सांगता येत नाही. बदलतात मात्र दोन्हीकडची माणसं. दिसलेली जास्त.

"म्हणजे आठ वर्षं बघून तुम्हालाही काही दिसलं नाही," त्रैन म्हणाली.

वुबेंनी तिला गप्प बस म्हटलं. मी म्हटलं, तसंच म्हणा हवं तर. मग तिने मला वाटाण्याचं सूप वाढलं. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच जेवले.

त्यानंतर संशोधन बंद झालं. मी दर शरदात एकदा जाते, फॉर्म न घेता. वुबे फारसं बोलत नाहीत. बोलायचं काम त्रैन आणि आल्त्ये करतात.