हरवलेल्या तीन सुऱ्या

सायकोसिस म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं, कारण तेव्हा मला तोच झाला होता. गोळ्यांनी डोकं जागेवर आल्यावर मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, खरं काय आणि आपल्याच मेंदूनं रचलेलं काय, यातला फरक माणसाला काही काळ कळेनासा होतो. एवढंच. माझी जरा निराशाच झाली. एवढा तमाशा झाला म्हणजे कारणही तसंच भारदस्त असेल, अशी माझी समजूत होती.

तमाशा २००४ च्या एप्रिलमधला. टेक्सासात अर्विंगला आम्ही तिघं मराठी विद्यार्थी एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो: एक पुणेकर, एक नागपूरकर आणि मी. टीव्हीवर हवामान सांगणारा गृहस्थ नकाशावर हात फिरवता फिरवता मला खुणा करतोय, अशी माझी खात्री पटली. टोर्नाडो येणार आणि तो फक्त माझ्या थिसिससाठी येणार. मी थिसिस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि बाथटबमध्ये जाऊन बसलो. तिकडे वादळाचा भोंगा वाजला की लोक खरंच बाथटबमध्ये बसतात. त्यातून तिघांत टेक्सासचा जुना जाणकार मी. त्यामुळे त्या संध्याकाळी दोघंही मुकाट्यानं माझ्यामागून आत आले. तीन इंजिनियर, एक टब, बाहेर लख्ख ऊन. तासाभरानं त्या दोघांना शंका आली. मला पुढचे दोन दिवस आली नाही.

वेड लागलं की माणूस बावळट होतो असा एक समज आहे. मी आयुष्यात इतका तर्कशुद्ध कधीच नव्हतो. प्रत्येक गोष्टीचा पुरावा माझ्याकडे तयार होता. पुणेकर माझ्याशी वाद घालून थकला आणि गप्प बसला. पुणेकराला वादात गप्प बसवणं ही त्या आजारातली माझी एकमेव कमाई.

तीन आठवड्यांनी मी हॉस्पिटलमधून घरी आलो. पुणेकरानं दार उघडलं आणि दारातच हळूच विचारलं, "आत्ता, म्हणजे, कुठला तू आलायस?" माझ्या आत दोन माणसं राहतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"एकच आहे रे," मी म्हटलं, "आणि त्यालाही झोप आलीये."

आईचं फोनवर म्हणणं पडलं की अति अभ्यासानं असं होतं. तसं असतं तर आम्हा तिघांत सगळ्यांत कमी अभ्यास करणारा मीच सगळ्यांत शहाणा ठरलो असतो.

फ्रिजवर स्वयंपाकाच्या टर्नचा कागद लावलेला असायचा. गुरुवार माझा. त्या गुरुवारी ड्रॉवर उघडला तर सुरी नाही. घरात तीन सुऱ्या होत्या.

"हरवल्या असतील," पुणेकर म्हणाला.

"तिन्ही?"

"हो ना यार, कमाल आहे."

मी टोमॅटो हातानं कुस्करले, कांदा सबंधच वरणात सोडला. दोघांनी ते निमूटपणे खाल्लं आणि वर छान झालंय म्हणाले. आमच्या घरात कुणाच्याही स्वयंपाकाला कुणी कधी छान म्हटलेलं नव्हतं. मग माझ्या लक्षात येऊ लागलं की मी खोलीत शिरलो की दोघांचं बोलणं थांबतं.

आता आली का पंचाईत! हॉस्पिटलनं आजार उलटल्याची लक्षणं छापलेला एक कागद दिला होता. लोक आपल्यामागे कुजबुजतात असं वाटणं, आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय असं वाटणं, ही दोन्ही त्यात होती. तरी मी प्रामाणिकपणा करायचं ठरवलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. प्रामाणिकपणा अंगाशी आला. त्यांनी पेन उचललं. डोस वाढवावा लागेल म्हणाले, आणि हे सेमिस्टर सोडून भारतात घरी जाण्याचाही विचार करा म्हणाले. आहे त्या डोसवरच मी लॅबमध्ये बसल्या बसल्या घोरत होतो. वाढीव डोसवर थिसिस होणं शक्य नव्हतं, आणि घरी गेलो असतो तर परत आलो नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

"शुक्रवारी घरातल्या कुणाला तरी सोबत आणा," डॉक्टर म्हणाले. "मग ठरवू."

शुक्रवारी नागपूरकरानं मला गाडीतून नेलं. वाटेत मी त्याला सुऱ्यांचं काहीच विचारलं नाही. तो "कोणत्या सुऱ्या?" म्हणाला असता तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला सरळच विचारलं. नागपूरकर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येस डॉक्टर. वी हिड द नाइव्ज. इन माय कार."

"आणि कुजबुज?"

"दॅट ऑल्सो."

यानं कधी कुणावर हात उचललाय का, असं डॉक्टरांनी विचारलं. नागपूरकरानं मनापासून आठवून पाहिलं. नाही म्हणाला. उलट आपणच एकदा बाथरूम कोणी धुवायचं यावरून माझ्या पाठीत लाटणं घातलं होतं, असंही त्यानं न विचारता सांगून टाकलं. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. या आजारातली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, भीती असेल तर ती त्यांना इजा होण्याचीच असते, असं ते म्हणाले, आणि लाटण्याच्या मालकाकडे बघत म्हणाले. मग डोसचा वाढवलेला आकडा त्यांनी खोडला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नागपूरकर घाबरला. "अबे, रडतो काहून? भेव वाटलं होतं बे आमाले. माफ कर ना यार."

त्याला वाटलं, मला वाईट वाटलंय. पंधरा दिवस मी रोज तो ड्रॉवर उघडून बघत होतो, आणि सुऱ्या तिथे मुळात होत्या की नाही, हेच मला ठामपणे सांगता येत नव्हतं. मित्रांनी आपल्याला खुनी समजून घरातल्या सुऱ्या लपवल्या, हे ऐकून इतका आनंद झालेला माणूस जगात मी एकटाच असेन.