शेवट चुकवू नका

वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या या गृहस्थाला सगळे पारखी म्हणायचे, आणि ते कौतुकाने म्हणतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. जन्मात त्याने एक पुस्तक धड संपवलं नव्हतं. तो मलपृष्ठ वाचायचा आणि समोरच्याच्या पायांकडे बघायचा. चकचकीत बूट दिसले की उद्योगपतीचं चरित्र. झिजलेल्या चपला दिसल्या की मनःशांतीचं काहीतरी. आईबरोबर पोर दिसलं की प्राण्यांच्या गोष्टी, मग पोराला मिसरूड का फुटलेली असेना.

ज्यांच्या पायांवरून काहीच उमजायचं नाही, त्यांच्यासाठी एक जाडजूड कादंबरी हाताशी असायची. ती देताना तो आवाज खाली आणायचा. "शेवट मात्र चुकवू नका." परत करणारे त्याच्यावर ताण. "अंगावर काटा आला हो," म्हणून निघून जायचे.

यंदा वाचक-सल्लागाराची जागा निघाली. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, फिरती खुर्ची. पारख्याला खुर्चीची स्वप्नं पडू लागली. नेमणूक अध्यक्षीणबाईंच्या हातात, आणि बाई एके दिवशी काउंटरशी येऊन म्हणाल्या, "बघू, मला काय देता?"

पाय नेमके साडीच्या काठाआड. त्याने तीच कादंबरी पुढे केली. आत्याची वाचून झाली म्हणून सकाळीच घरून आणली होती.

संध्याकाळी आत्या भाजी निवडत बसली होती. "अरे, सकाळी घाईत ते पुस्तक नेलंस, सांगायचं राहिलं. त्यात मधली पानं दोनदा शिवलीत, आणि शेवटची नाहीतच. ती नायिका नवऱ्याकडे परत गेली की नाही?"

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत. तू वाचलीयस ना?"

पारख्याने ओळखलं, खुर्ची गेलीच. त्यानंतर बाईंची गाडी दारात थांबली की तो कपाटाआड काहीतरी शोधायला लागायचा. एकदा मात्र कपाटाआडच गाठलं त्याला बाईंनी.

"वाचली," पुस्तक हातात देत बाई म्हणाल्या. "काय शेवट केलाय. मी तर रडले. तुमची निवड पक्की समजा."

बाई गेल्यावर त्याने शेवटचं पान उघडलं. वाक्य मध्येच तुटलं होतं, पुढे थेट पुठ्ठा. इतकी वर्षं लोकांच्या अंगावर काटा आला तो कशाने, देव जाणे. पारख्याला शरम वाटली नाही; हायसं वाटलं. पुस्तक त्याने पुन्हा हाताशी ठेवून दिलं.

घरी आत्याने विचारलं, "झाली का नेमणूक?"

"झाली."

"बरं झालं. आता तरी दुसरी प्रत शोध बाबा. मला शेवट कळायचाय."

"अध्यक्षीणबाईंना विचार," पारखी बूट काढत म्हणाला. "त्यांना फार आवडला."