लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरची फ्रेंच

आहुप्याची देवराई बघायला निघालो, तेव्हा लेण्याद्री वाटेत घेऊ म्हणाला तो विनायक, माझा ऑफिसमधला मित्र. चाकणची गर्दी टाळायची तर पहाटेच पुणं सोडावं. नारायणगावात नाश्ता उरकून उन्हाआधी पायथा गाठला. पायऱ्या चांगल्या आहेत, माकडं मात्र धीट. हातात खाऊची पिशवी नको. चढवत नसेल तर डोली मिळते.

अशाच एका डोलीत फ्रेंच आजोबा बसत होते, आजी शेजारी उभ्या. गाईड तिकिटांच्या रांगेत. विनायकची फ्रेंच अस्खलित आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. त्याने ‘बोंजूर’ म्हटलं, आजोबांसोबत फोटो काढला. डोलीवाले खूश.

“बरं झालं राव. आमाला यांचं काय बी कळत न्हाई.”

गाईडची वाट न बघता डोली उचलली, आम्ही सोबत चढू लागलो. निम्म्यावर आजोबा काहीतरी म्हणाले. मग पुन्हा, घाईने. पुढच्या डोलीवाल्याने मान वळवली. “काय म्हनत्यात पावणं?”

“मजा येतेय म्हणतात. चला पुढे,” विनायक सहज म्हणाला.

थोडं वर गेल्यावर आजींनी डोलीचा बांबूच धरला आणि स्वतःच्या छातीवर हात आपटला. तेव्हा कुठे मी आजोबांकडे नीट पाहिलं. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने चिकटलेला. डोली टेकली. आजींनी पर्समधली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. आम्ही नुसते उभे. बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तोवर गाईड धापा टाकत पोचला, त्यांच्याशी बोलला आणि आमच्याकडे वळला. “छातीत दुखतंय, थांबवा, असं दोनदा सांगितलं म्हणतात.”

म्हातारा डोलीवाला विनायककडे बघत म्हणाला, “भाऊ, आमी विसाव्याबिगर डोली टेकवत न्हाई. पर बसनारा नको म्हनला तर कुठंबी टेकवतो. तुमी चला म्हनला.”

 म्हातारा मग मला म्हणाला, “बांबूवर दोन थापा मारल्या तरी थांबतो आमी. आता बसायच्या आधी हेच दावनार सगळ्यास्नी.”

मी गाईडचा नंबर घेतला; तो आजोबांना जुन्नरला दवाखान्यात घेऊन गेला. आम्ही घोडेगाव, डिंभेमार्गे आहुप्याकडे. रस्ता शेवटी खराब आहे, पेट्रोल घोडेगावातच भरा. धरणाचं पाणी दिसू लागलं तसा विनायक बोलला. “सगळे माझ्याकडे बघत होते रे. कळलं नाही, असं कसं म्हणणार?”

 देवराईत भर दुपारी अंधार होता, जेवायला गरम भाकरी होती. माझं लक्ष कशातच नव्हतं.

घरी आलो तर ऑफिसच्या ग्रुपवर तो पायथ्याचा फोटो. खाली विनायकने लिहिलेलं, ‘लेण्याद्रीत फ्रेंच कामी आली.’ टाळ्याच टाळ्या. मी दोनदा वाचलं. मग गाईडला फोन केला; आजोबा बरे आहेत. तेवढंच ग्रुपवर टाकलं, आणि पुढे त्या दोन थापांचं, कुणी जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून.

पहिला अंगठा विनायकचा आला.